प्रेषितांची नम्रता

ईश्वराचा निरोप घेऊन आपण जगांत आलों आहों, असें सांगणारीं माणसें इतिहासांत थोडीं झालीं नाहींत. त्यांपैकीं कांहींच्या मागें राष्ट्रेंच्या राष्ट्रें गेलीं, कांहींच्या मागें मूठभर शेजारी गेले, आणि बहुतेकांची स्मृति त्यांच्या देहाबरोबरच नाहींशी झाली. अशा मनुष्याची पारख करण्याचा प्रसंग आला म्हणजे लोक सामान्यतः एकच कसोटी लावतात. तो आपला मोठेपणा सांगूं लागला तर ढोंगी, आणि लहानपणा घेऊन वागला तर खरा. आमच्याकडे या कसोटीला संतपरंपरेचें पाठबळ आहे. ज्ञानेश्वरांनीं आपल्या ग्रंथाचें श्रेय निवृत्तिनाथांकडे दिलें, तुकोबांनीं आपल्या वाणीचें कर्तृत्व पांडुरंगाकडे सोपविलें. त्यामुळें जो स्वतःकडे कांहीं घेत नाहीं तोच थोर, हें आमच्या अंगवळणीं पडून गेलें आहे. परंतु संतांच्या बाबतींत जी कसोटी बहुधा खरी ठरते ती प्रेषितांना लावूं लागलें कीं फसते, असें आम्हांस वाटतें. आणि ती कां फसते हें पाहण्यासाठींच हा लेख आहे.

मी कांहींच नाहीं, माझ्या मुखानें बोलणारा तो आहे, या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाइतकी नम्रता दुसरी नाहीं. दुसऱ्या भागाएवढी प्रौढीहि दुसरी नाहीं. राजा जेव्हां ही माझी आज्ञा आहे असें म्हणतो, तेव्हां निदान त्याच्याशीं वाद करतां येतो, कारण आज्ञेचा धनी समोर बसलेला असतो. परंतु ही आज्ञा माझी नव्हेच, असें जो म्हणतो, तो वादाला प्रतिपक्षच शिल्लक ठेवीत नाहीं. म्हणजे येथें नम्रता आणि प्रौढी या परस्परविरुद्ध वृत्ति राहत नाहींत. एकीच्या बळावर दुसरी वाढते. कार्लाइलनें १८४० सालीं लंडनमध्यें वीरपूजेवर जीं व्याख्यानें दिलीं त्यांत प्रेषिताची कसोटी म्हणून त्यानें अंतःकरणाच्या सच्चेपणावर भर दिला, आणि ढोंगी मनुष्याला धर्म उभारतां येत नाहीं असें प्रतिपादन केलें. त्यांत तथ्य आहेच. पण सच्चेपणानें प्रश्न सुटत नाहीं. मनुष्य मनापासून बोलत असतो, आणि तरीहि त्याच्या सच्च्या नम्रतेचा भार दुसऱ्यांच्या मानेवर पडत असतो.

सतराव्या शतकांत इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाल्यानंतरचीं दहा-अकरा वर्षें अशा दूतांनीं गजबजून गेलेलीं होतीं. जेम्स नेलर हा त्यांतलाच एक. यॉर्कशायर परगण्यांतील हा शेतकरी पार्लमेंटच्या सैन्यांत क्वार्टरमास्टर होता. पुढें जॉर्ज फॉक्सच्या सहवासांत तो क्वेकर झाला, आणि लंडनमध्यें त्याच्या वक्तृत्वाचा बोलबाला फॉक्सच्या तोडीचा झाला. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वरी प्रकाश आहे, हें त्या पंथाचें मुख्य मत. हा प्रकाश सर्वांत असेल, पण नेलरमध्यें तो विशेष आहे, असें १६५६ सालीं कांहीं भक्तांना वाटूं लागलें. एका पतिपत्नींनीं त्याला पत्र धाडलें. त्यांत यापुढें तुझें नांव जेम्स नसून येशू आहे, असें पतीनें खालीं जोडलें होतें. एका स्त्रीनें त्यानें आपणांस मरणांतून उठविल्याचें सांगितलें. नेलर एक्झिटरच्या तुरुंगांत असतांना फॉक्स त्याला भेटावयास गेला. सलोख्याची खूण म्हणून नेलर त्याचें चुंबन घ्यावयास पुढें झाला, तेव्हां फॉक्सनें आपला पाय पुढें केला! गर्वाचें औषध करावयास आलेल्या वैद्याचीहि नाडी तपासावी असाच हा प्रसंग आहे.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, भर पावसांत, नेलर घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरांत शिरला. येशूच्या जेरुसलेमप्रवेशाचें तें अनुकरण होतें. चिखल तुडवीत चालणारे अनुयायी त्याच्यापुढें पवित्रतेचा घोष करीत होते. पार्लमेंटनें ईश्वरनिंदेच्या आरोपावरून त्याची चौकशी केली. नेलरचें उत्तर लक्षांत घेण्यासारखें आहे. या देहाला, या जेम्स नेलरला, कसलाहि मान नको. परंतु ह्या लोकांनीं आपल्यांतील ईश्वराला वंदन केलें असेल तर त्यांना आपण कसें वारावें, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. देहदंडाचा ठराव ८२ विरुद्ध ९६ मतांनीं फेटाळला गेला. त्याऐवजीं त्याला टिकटीवर उभें केलें, तीनशेंहून अधिक फटके मारले, तापलेल्या लोखंडानें त्याची जीभ भोसकली, कपाळावर ईश्वरनिंदकाचें अक्षर डागलें, आणि तुरुंगांत घातलें. शिक्षा देणाऱ्यांची धर्मनिष्ठा पाहिली तर त्यांच्या नम्रतेविषयींहि चांगलें बोलवत नाहीं.

नेलरच्या चरित्राचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाहीं, पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा आहे. तुरुंगांत त्यानें आपला त्या वेळचा मार्ग चुकला हें लेखी मान्य केलें. १६५९ सालीं सुटून आल्यावर तो फॉक्सकडे गेला, त्याच्याशीं समेट केला, आणि ज्या मंडळींना आपल्यामुळें अपमान सोसावा लागला त्यांच्यांतच साधा प्रचारक म्हणून पुन्हा राबूं लागला. १६६० सालीं घराकडे जातांना वाटेंत चोरांनीं त्याला लुबाडलें, आणि लवकरच तो वारला. ब्रिस्टलच्या रस्त्यावर जो ईश्वरापुढें नम्र होता, तो शेवटच्या वर्षांत माणसांपुढें नम्र झाला होता. या दोन नम्रतांमधलें अंतर आम्हांस पुढें उपयोगी पडणार आहे.

ईश्वरापुढची नम्रता माणसांवर सत्ता गाजवूं लागली म्हणजे काय होतें, हें चीनमधील ताइपिंग बंडांत जितकें उघडें दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल. या बंडाचा नायक हुंग श्यू-छ्वान हा सरकारी परीक्षांत पुनःपुन्हा नापास झालेला एक शिक्षक होता. एका दुखण्यांत पाहिलेल्या स्वप्नांवरून आणि ख्रिस्ती पत्रकांवरून त्यानें आपण येशूचे धाकटे बंधु आहों असा निष्कर्ष काढला. ही प्रौढी उघडी होती. परंतु त्याच्याहून चतुर होता तो त्याचा साथी यांग श्यू-छिंग. यांग हा कोळसे पाडणारा गरीब, अशिक्षित मनुष्य. १८४८ पासून त्याच्या अंगांत येऊं लागलें, आणि प्रत्यक्ष परमपिता त्याच्या तोंडून बोलूं लागला.  तो केवळ नळी होता, वारा दुसऱ्याचा होता. पण १८५३ सालीं नानकिंग घेऊन तेथें राजधानी झाल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत या नळीनें हुंगला राजवाड्यांतील स्त्रियांशीं कठोरपणें वागल्याबद्दल चाळीस फटक्यांची शिक्षा फर्माविली. येशूचा धाकटा बंधु निमूटपणें आडवा झाला, तेव्हां परमपित्यानें प्रसन्न होऊन ती शिक्षा माफ केली. १८५६ सालीं त्याच वाणीनें यांगला सम्राटाच्या बरोबरीचा मान मागितला. सप्टेंबरांत यांग, त्याचें कुटुंब आणि त्याचे हजारों अनुयायी यांची कत्तल झाली. १८६४ सालीं नानकिंग पडेपर्यंत या यादवींत जे प्राण गेले त्यांची संख्या कोटींत मोजली जाते. हुंगची प्रौढी आणि यांगची नम्रता यांत अधिक घातक कोणती, हें सांगणें अवघड आहे. एवढें मात्र खरें कीं, प्रौढीला फटके सांगतां आले. नम्रतेला तलवारीवांचून दुसरें उत्तर मिळालें नाहीं.

वरचीं दोन्ही उदाहरणें परक्यांचीं आणि टोंकाचीं आहेत, म्हणून सुशिक्षित वाचक तीं वाचून हंसेल आणि विसरेल. परंतु हाच प्रश्न आपल्या देशांत, इंग्रजी विद्येच्या पूर्ण प्रकाशांत, एका अत्यंत सुसंस्कृत आणि तेजस्वी पुरुषाच्या आयुष्यांत उभा राहिला. केशवचंद्र सेन हे तो पुरुष. त्यांचें नांव महाराष्ट्राला अनोळखी नाहीं. १८६४ सालीं ते मुंबईस आले, आणि १८६७ सालीं डॉ. आत्माराम पांडुरंग प्रभृति मंडळींनीं प्रार्थना समाज स्थापन केला, त्यामागें त्या भेटीनें दिलेली चालना होती. कलकत्त्यास एका पैशाचें वर्तमानपत्र काढून तें सामान्य माणसाच्या हातीं देणारे, जातिभेद आणि बालविवाह यांविरुद्ध झगडणारे, १८७० सालीं इंग्लंडांत जाऊन तेथील सभागृहें भारून टाकणारे केशवचंद्र हे त्या पिढीचे एक अग्रणी होते, यांत शंका नाहीं. पंडिता रमाबाई कलकत्त्यास गेल्या असतां, स्त्रियांना वेदाचा अधिकार नाहीं असें मानणाऱ्या त्या विदुषीच्या हातीं वेदाची प्रत देऊन तो वाचा असें सांगणारे केशवचंद्रच होते.

या पुरुषाची नम्रता दिखाऊ नव्हती. पापाची जाणीव हा त्यांच्या धर्मजीवनाचा पाया होता. आपल्या अंतरंगाचा इतिहास सांगतांना त्यांनीं तिला प्रार्थनेच्या खालोखाल स्थान दिलें आहे. परंतु १८६८ सालीं मोंघीर येथें भक्तीचा जो पूर आला त्यांत कांहीं अनुयायी त्यांच्या पायांवर लोळण घेऊं लागले, आणि तारणासाठीं त्यांची मध्यस्थी मागूं लागले. दोघा प्रचारकांनीं उघड निषेध केला. आपण मध्यस्थ नाहीं, आपणहि पापी आहों, असें केशवचंद्रांनीं सांगितलें. परंतु दुसऱ्याच्या भक्तीच्या आविष्काराला आडवें येण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असाहि त्यांचा पवित्रा होता, आणि तो प्रकार त्यांनीं निक्षून बंद केला नाहीं. ब्रिस्टलच्या कैद्याचें उत्तर येथें वाचकांना सहज आठवेल. दोन शतकें आणि दोन खंड यांचें अंतर असूनहि युक्तिवाद एकच आहे. मान मला नको, पण तुम्ही देत असलां तर तुम्हांला अडविणारा मी कोण? या बोलण्यांत नम्रता इतकी पुरेपूर आहे कीं तिच्या पोटीं मान बिनबोभाट स्वीकारला जातो.

खरी परीक्षा दहा वर्षांनीं झाली. केशवचंद्रांच्या प्रयत्नांनीं १८७२ सालीं जो विवाहाचा कायदा झाला, त्यांत वधूचें वय किमान चौदा आणि वराचें अठरा असावें असा निर्बंध होता. ६ मार्च १८७८ रोजीं केशवचंद्रांची कन्या सुनीति हिचा विवाह कूचबिहारच्या राजाशीं झाला. तेव्हां मुलीला तेरा वर्षें पुरीं होऊन कांहीं महिने झाले होते, आणि राजा पंधरा वर्षांचा होता. कूचबिहार संस्थान असल्यामुळें कायद्याच्या अक्षराचा भंग झाला नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यांचा या संबंधासाठीं आग्रह होता. विवाहानंतर वधूवरांनीं कांहीं काळ वेगळें राहावें असेंहि ठरलें होतें. या सर्व सबबी मनुष्याच्या होत्या, आणि मनुष्याच्या सबबींचा विचार मनुष्यांना करतां येतो. परंतु केशवचंद्रांनीं मुख्य आधार दिला तो ईश्वरी आदेशाचा. ज्यांनीं त्यांच्या शब्दावर आपलीं घरेंदारें दुरावून घेतलीं होतीं, जातीबाहेर पडून उपासमार सोसली होती, त्यांना आतां असें सांगण्यांत आलें कीं, जो नियम आपण सर्वांनीं मिळून केला तो एका माणसाच्या अंतःकरणांत उमटलेल्या आवाजानें बाजूस ठेवतां येतो. १५ मे १८७८ रोजीं साधारण ब्राह्म समाज वेगळा झाला. त्याचें नांवच त्याचें म्हणणें सांगतें: साधारण म्हणजे सर्वांचा, आणि त्याची घटनाहि सभासदांच्या मतावर उभारलेली.

पुढच्याच जानेवारींत, १८७९ सालीं, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें केशवचंद्रांनीं एक इंग्रजी व्याख्यान दिलें. आपण ईश्वरप्रेरित प्रेषित आहों काय, हाच त्याचा विषय होता. उत्तर त्यांनीं नकारार्थी दिलें. प्रेषितांच्या पंक्तीला बसण्याची आपली योग्यता नाहीं, आपण पापी आहों, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. एवढ्यावर ते थांबले असते तर प्रश्नच उरला नसता. परंतु पुढें त्यांनीं असेंहि सांगितलें कीं, आपण सामान्य माणसांसारखे नाहीं, आपण एक विलक्षण मनुष्य आहों. आपण जें केलें तें ईश्वराच्या आज्ञेनें केलें, आणि आपण ज्या कार्याचा पुरस्कार करतों त्याचा निषेध करणें म्हणजे ईश्वरी योजनेचा निषेध करणें होय. प्रेषित ही पदवी नाकारली, आणि पदवीबरोबर येणारे अधिकार ठेवून घेतले, असा याचा अर्थ होतो. आमच्या मतें या व्याख्यानांत दांभिकता नाहीं. उलट स्वतःच्या पापीपणाविषयीं ते जितके प्रामाणिक होते तितकेच आपल्या आदेशाविषयीं प्रामाणिक होते. आणि अडचण आहे ती येथेंच. ज्याला आपण ढोंगी नाहीं हें पक्कें माहीत असतें, त्याला आपण चुकत असूं हें सुचणें फार कठीण जातें.

केशवचंद्रांचे अनुयायी येथें एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाहीं. अंतःकरणांतील आवाजाचें प्रामाण्य नाकारलें, तर कोणतीहि सुधारणा कशी व्हायची? केशवचंद्र प्रथम जातीविरुद्ध उठले तेव्हांहि बहुमत त्यांच्या विरुद्धच होतें, आणि तेव्हांहि त्यांनीं ईश्वराच्याच साक्षीनें पाऊल उचललें होतें. हें खरें आहे. परंतु त्या दोन प्रसंगांत एक भेद आहे. पहिल्या वेळीं आवाजानें त्यांच्यावर एक ओझें घातलें, आणि तें त्यांनीं स्वतः वाहिलें. दुसऱ्या वेळीं आवाजानें त्यांचें एक ओझें उतरविलें, आणि तें एका तेरा वर्षांच्या मुलीच्या व शेंकडों अनुयायांच्या माथीं दिलें. अंतर्नादाची परीक्षा करावयाची तर तो कोणाला सूट देतो आणि कोणाला भुर्दंड देतो, हें आधीं पाहावें.

या दृष्टीनें अमेरिकेंतील विल्यम मिलर या साध्या शेतकऱ्याचें उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटतें. बायबलांतील दानिएलाच्या ग्रंथावरून गणित करून, येशूचें पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल, असें त्यानें ठरविलें. आपण प्रेषित आहों असें तो म्हणाला नाहीं. आंकडे तुमच्यापुढें आहेत, तपासून पाहा, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. मुदत टळली, तेव्हां १८४४ च्या मे महिन्यांत त्यानें आपली चूक जाहीरपणें कबूल केली. नंतर एका सहकाऱ्यानें २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली, आणि अखेरीस मिलरहि तिच्या आहारीं गेला. हजारों लोक त्या रात्रीं आकाशाकडे डोळे लावून बसले, कित्येकांनीं उभीं पिकें शेतांतच सोडलीं होतीं, आणि सकाळ नेहमींसारखी उजाडली. पुढच्या वर्षीं मिलरनें आपल्या मतांची हकीकत छापून तींत आपला अंदाज चुकल्याचें मान्य केलें. कांहीं अनुयायांनीं मात्र तारीख बरोबरच होती, घटना तेवढी स्वर्गांत घडली, असा तोडगा काढला. मिलरच्या कबुलीनें कोणाचें पीक परत आलें नाहीं. त्याचें गणित हास्यास्पद होतें, आणि केशवचंद्रांच्या बुद्धीशीं व कार्याशीं त्याची तुलनाहि होऊं शकत नाहीं. परंतु ज्याला तपासतां येईल असें कांहीं तरी त्यानें लोकांच्या हातीं दिलें होतें, आणि तें खोटें ठरल्यावर त्याचें खापर त्यानें ईश्वराच्या माथीं फोडलें नाहीं.

तात्पर्य, नम्रता किती आहे हा प्रश्न प्रेषितांच्या बाबतींत पुरेसा नाहीं. ती कोणापुढें आहे हें विचारलें पाहिजे. ईश्वरापुढें नम्र असणें हें प्रेषिताच्या धंद्यांतच अंतर्भूत आहे, आणि तिचा साक्षी एकटा ईश्वर असल्यामुळें आम्हांस तिची किंमत करतां येत नाहीं. माणसांपुढील नम्रता मात्र दिसते. तो प्रश्न विचारूं देतो काय? दुसऱ्यांना घालून दिलेला नियम स्वतःला लावतो काय? लोक पायां पडूं लागले तर त्यांना उठवितो, कीं त्यांच्या स्वातंत्र्याचा आदर म्हणून स्वस्थ उभा राहतो? आणि चूक झाली तर ती आपल्या नांवावर लिहितो काय? नेलर या परीक्षेत अगोदर नापास झाला आणि नंतर उत्तीर्ण झाला. यांगच्या बाबतींत प्रश्न विचारण्याचीच सोय नव्हती. केशवचंद्रांच्या बाबतींत निकाल द्यावयाचा तर पहिल्या वीस वर्षांचा एक आणि पुढचा एक असे दोन द्यावे लागतील, आणि दुसरा देतांना लेखणी जड होते.

केशवचंद्र ८ जानेवारी १८८४ रोजीं, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, वारले. त्यांच्या मंदिरांतील वेदीवर आतां कोणी बसावें असा प्रश्न निघाला. तेथें आचार्यांच्या जागीं दुसऱ्या कोणींहि बसूं नये, असें त्यांच्या जवळच्या शिष्यमंडळानें ठरविलें, आणि त्यावरून त्या मंडळींत कित्येक वर्षें भांडण चाललें. आपण प्रेषित नाहीं, असें जो जाहीर सभेंत सांगून गेला, त्याचें आसन शिष्यांनीं रिकामें राखलें. शिष्यांना आम्ही दोष देत नाहीं. गुरूनें तोंडानें काय नाकारलें यापेक्षां वागणुकीनें काय स्वीकारलें, हेंच शिष्य शिकत असतात. मुंबई आणि पुण्याच्या प्रार्थना समाजानें ब्राह्म हें नांव घेतलें नाहीं, आणि कोणा एका पुरुषाला आपला प्रेषितहि केलें नाहीं. रानडे आणि भांडारकर यांच्या या मंडळीवर तिच्यांत आवेश कमी आणि सावधगिरी फार असा आरोप नेहमीं होत आला, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असें म्हणवत नाहीं. परंतु कोणाची जागा रिकामी राखावी, या प्रश्नावरून तिला आपसांत भांडावें लागलें नाहीं, ही गोष्ट त्या आरोपाचा विचार करतांना जमेस धरली पाहिजे.